हत्यारांवर खूण: कुठे, कशानं आणि काय लिहायचं?

उलटापाना

कामाच्या जागेवरून हत्यारं जाण्याचे मला तीन प्रकार दिसतात. एक, कुणी मागून नेलं आणि परत ठेवायचं राहिलं. दोन, दोन टोळ्या शेजारी शेजारी काम करतात, दोघांकडे एकाच कंपनीचे एकाच मापाचे पाने, आणि आवराआवरीत कुणाचं कुणाच्या पेटीत गेलं याचा पत्ता लागत नाही. तीन, सरळ चोरी. पहिल्या दोन्हींना रंगाचा पट्टा पुरतो, तो आम्ही मारतो. प्रश्न तिसऱ्याचा आहे.

जवळ थरथरणारा एनग्रेव्हर (धातूवर कोरायचं यंत्र) आहे आणि ठोकून उमटवायच्या ३ मिमीच्या अक्षर-नंबर पंचांचा संच. पण सगळीकडे तेच चालवायचं का? सामान असं: क्रोमचे पाने, कानशी, ड्रिल बिट, पकडी, बॅटरीवरची ड्रिल मशीन, लाकडी दांड्याच्या हातोड्या, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार). शिवाय लिहायचं काय? नाव, फोन, आद्याक्षरं की एखादा क्रमांक? ठळक की लपवून? जाणकारांनी सांगावं. "कुलूप चांगलं लावा" हा सल्ला मिळालेला आहे, तो पुन्हा नको.

रंध्याची_धार

रुमाल टाकून ठेवते. लाकडाबद्दल सवडीनं लिहिते.

कानस_बारीक

टूलरूममध्ये आयुष्य गेलं, तेव्हा धातूपुरतं बोलतो.

पंच उचलण्याआधी समोरच्या पोलादाला पाणी दिलंय का, म्हणजे तापवून-विझवून ते कडक केलंय का, ते बघा. पाणी न दिलेल्या पोलादावर (पहार, क्लॅम्पचा सांगाडा, लोखंडी पेटी) पंच झकास उमटतो. कानस, टॅप, ड्रिल बिट यांचं काम करणारं अंग ६० रॉकवेल सीच्या (हे कडकपणाचं माप) आगेमागे किंवा वरच असतं, आणि तुमचा पंचही साधारण तेवढाच कडक. तिथे ठोकलंत तर अक्षर उमटणार नाही, पंचाचं तोंड मात्र बसेल. नाहीतर कपची उडेल, म्हणून चष्मा हवाच. कानशीचं मुठीत जाणारं शेपूट मऊ ठेवलेलं असतं, ड्रिल बिटाची मशीनमध्ये पकडली जाणारी शँकही पुष्कळदा मऊ असते. आधी जुनी कानस घासून बघा. कानस चावली तर पंचही चावेल.

क्रोमच्या पान्यावर एनग्रेव्हर चालतो, पण टोक कार्बाइडचं हवं. तो वरचा थर फोडतो आणि गंज तिथूनच शिरतो. खोदून झालं की पुसून तेलाचा हात, किंवा पारदर्शक वार्निशचा एक थेंब. अक्षरं पान्याच्या दांड्यावर मधोमध, जबड्याजवळ नाही.

आता जिथे ठोकायचं नाहीच त्या जागा. हातोडीचं तोंड. छिन्नीचं डोकं. ग्राइंडरच्या फिरणाऱ्या कुठल्याही भागाला हात लावू नका. साखळी, हूक, शॅकल असं वजन उचलायचं सामान असेल तर पंचाची खोल खूण म्हणजे तडा सुरू व्हायची आयती जागा. त्याला धातूचा बिल्ला अडकवा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गुण्या यांवर पंच ठोकला की कड फुगते आणि हत्यार खोटं बोलायला लागतं. मापाशी संबंध नसलेल्या पृष्ठभागावर अगदी हलकं कोरा. फक्त डबीवर नाव घालून समाधान मानू नका, डबी चोर पहिल्यांदा फेकतो.

एक बारीकशी गोष्ट. इंग्रजी आकड्यांच्या संचात बहुधा नऊच पंच येतात, सहाचाच उलटा धरून नऊ ठोकायचा. त्यामुळे अडुसष्ट उलटं धरलं की एकोणनव्वद वाचलं जातं. आकड्यांखाली एक आडवी रेघ ठोकत चला, म्हणजे खालची बाजू कळते.

तारेवरचा

वरच्यांशी सहमत. विजेच्या सामानाबद्दल माझी भर.

१००० व्होल्टच्या इन्सुलेटेड पकडी आणि स्क्रू ड्रायव्हरच्या आवरणात काहीही कोरायचं नाही, तापलेलं काही टेकवायचं नाही. पुष्कळ हत्यारांत आवरणाचे दोन रंगांचे थर असतात, ते अशासाठी की वरचा थर कापला गेला तर आतला रंग दिसावा आणि माणसानं ते हत्यार बाजूला टाकावं. तिथे नाव कोरणं म्हणजे आपणच ते बाद करणं. चिकटपट्टीही गुंडाळू नका, तिच्याखालचा तडा दिसत नाही.

ड्रिल-ग्राइंडरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे. त्याचं प्लास्टिकचं कवच हेच तुमचं संरक्षण. सोल्डरिंगच्या गननं त्यावर अक्षरं जाळणारे लोक मी पाहिलेत. धूर तर वाईटच, पण कवच पातळ झालं हे कुणाच्या लक्षात येत नाही. कोरायचंच तर जाड भागावर वरवर, हवेच्या झरोक्यांपासून लांब. बॅटरी पॅकवर तापलेलं टोक कधीही नको, आत लिथियमचे सेल असतात. मात्र खूण बॅटरीवर आणि चार्जरवरही हवी, कारण ते सुटे सुटे विकले जातात.

कंपनीची पाटी खरवडू नका. उलट आजच तिचा फोटो काढा. सिरियल नंबर कित्येकदा नुसत्या कागदी किंवा प्लास्टिकच्या लेबलावर असतो आणि घाम-तेलानं लवकर पुसतो. चोरी झाल्यावर नंबर आठवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

अवांतर: हेल्मेटवर थिनरवाला रंग किंवा कडक वासाचा मार्कर नको. काही प्लास्टिकं त्यानं कमजोर पडतात.

सरळ_बोलू

सगळं वाचलं. माफ करा, पण हा सगळा खटाटोप मनाच्या समाधानाचा आहे. रात्री कुलूप तोडणारा माणूस टॉर्च लावून पाना-पाना वाचत बसतो का? अख्खी पेटी उचलतो आणि जातो. नंतर ग्राइंडर फिरवला की तुमचं नाव गेलं. दोन मिनिटांचं काम.

कानस_बारीक

ग्राइंडर फिरवला की दिसणारं नाव जातं, एवढंच खरं आहे. पंच ठोकताना आकड्याच्या खालचा धातूही दाबला जातो, आणि हा दबलेला भाग आकड्याच्या तळापेक्षा बराच खोल गेलेला असतो. वरचं घासून सपाट केलं तरी तो आत राहतो. पृष्ठभाग चकचकीत करून त्यावर योग्य आम्ल लावलं की दबलेला आणि न दबलेला धातू वेगवेगळ्या गतीनं खाल्ला जातो आणि आकडा पुन्हा वर येतो. पोलादासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळांत फ्राय नावाचं द्रावण वापरतात, त्यात क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गाड्यांचे आणि बंदुकांचे घासलेले नंबर असेच वाचतात.

म्हणून जिथे चालतं तिथे माझं मत पंचाकडे. नुसतं कोरून किंवा आम्लानं खाऊन केलेल्या खुणेखाली असा दाब फारसा नसतो. ती घासली की परत आणणं कठीण.

सरळ_बोलू

माहिती झकास. पण तुमच्या एका पान्यासाठी कुठली प्रयोगशाळा आम्ल काढून बसणार आहे?

कानस_बारीक

पान्यासाठी नाही बसणार, हे मान्य. जनरेटर किंवा वेल्डिंग मशीनसाठी बसू शकते.

जुनी_पानं

सरळ_बोलू यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. खूण चोरासाठी नसतेच, ती चोराच्या गिऱ्हाइकासाठी असते. चोराला पाना नको असतो, पैसे हवे असतात. गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ साली चोरांच्या आवडीच्या वस्तूंचे सहा गुण मांडले. लपवता येणं, उचलून नेता येणं, हाताशी असणं, किंमत असणं, हवीहवीशी असणं आणि सहज खपवता येणं. हत्यारं यात जवळपास सगळीकडे बसतात. पहिल्या पाच गुणांना खुणेनं काही होत नाही. शेवटच्याला होतं.

ही युक्ती जुनी आहे. ब्रिटिश सरकारच्या मालावर बाणाच्या टोकासारखी खूण असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस कायदाच झाला, की असा खुणेचा माल दाखल्याशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा. म्हणजे चोरी कुणी केली हे शोधत बसायला नको, माल कुठून आला ते ज्याच्याकडे सापडला त्यानंच सांगायचं. नौदलाच्या दोरांचं तर याहून भारी. दोर वळतानाच पेडात एक वेगळ्या रंगाचा धागा घालत, गोदीगणिक रंग निराळा. त्याला नावच "चोरधागा" अशा अर्थाचं पडलं होतं. तो काढायचा तर दोर उसवावा लागतो, आणि उसवलेला दोर कोण घेणार?

माझ्या मते कसोटी हीच. खूण काढता येते का, हा प्रश्न नाही. काढल्यावर वस्तू विकण्याजोगी उरते का, हा आहे. ग्राइंडरनं घासलेला क्रोमचा पाना स्वतःच ओरडून सांगतो की मला घासलंय.

आता पुराव्याचं. वस्तूंवर खुणा करायची मोहीम अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पार्कला १९६३ मध्ये सुरू झाली आणि मग देशभर पसरली. ब्रिटनमध्ये ग्लोरिया लेकॉक यांनी दक्षिण वेल्समधल्या खोऱ्यांतल्या वस्त्यांवर केलेला अभ्यास १९८५ साली आला. तिथे घरोघरी जाऊन लोकांना तयार केलं, दारांवर "इथल्या वस्तूंवर खुणा आहेत" असे स्टिकर लावले, आणि भाग घेतलेल्या घरांतल्या घरफोड्या कमी झाल्या. पुढच्या पाहणीत असं दिसलं की घट प्रसिद्धीच्या लाटांबरोबर येत होती. म्हणजे वस्तूवरच्या अक्षरांपेक्षा दारावरच्या स्टिकरनं आणि गावभर झालेल्या बोलबाल्यानं जास्त काम केलं असावं.

सरळ_बोलू

हे पटलं. म्हणजे पेटीवरच मोठ्या अक्षरांत लिहा, आत कोरलंय की नाही हे कोण बघतंय!

जुनी_पानं

काही दिवस चालेल. एकदा कुणाच्या हाती कोरी हत्यारं लागली की बोभाटा व्हायला वेळ लागत नाही.

उलटापाना

धन्यवाद मंडळी, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. पण काय लिहायचं हे राहिलंच. माझा कल फोन नंबरकडे आहे.

हिशेबनीस

स्टोअर सांभाळतो, म्हणून या प्रश्नावर उडी मारतो.

नुसती आद्याक्षरं घालू नका. सापडलेल्या पान्यावर दोन अक्षरं आहेत, बरं, मग? ती कुणाचीही असू शकतात, आणि तक्रार करताना "हे माझंच" म्हणायला ती पुरत नाहीत. पूर्ण नाव चांगलं, पण नावाचे अनेक जण असतात. फोन नंबरचा फायदा असा की सापडलेल्याला थेट तुमच्यापर्यंत येता येतं. तोटा असा की नंबर बदलतो, पाना टिकतो. सरकारी ओळखपत्राचा क्रमांक मात्र कोरू नका. अमेरिकेतल्या त्या मोहिमेत सुरुवातीला सोशल सिक्युरिटी नंबर कोरायला सांगत. पण त्या क्रमांकावरून माणसाचा पत्ता काढून देणारी सोय पोलिसांना सहज मिळत नव्हती. शिवाय आपला ओळख क्रमांक चोराच्या हाती सोपवायचा, हे आणखी एक दुखणं.

आमच्याकडे छोटा संकेत आहे: टोळीची तीन अक्षरं, मग वस्तूचा क्रमांक. दोन पाने एकाच मापाचे असले तरी क्रमांक वेगळे. मोठ्या वस्तूंवर याच्या शेजारी फोनही. ज्या खुणेतून माणसापर्यंत पोहोचता येत नाही, तिनं वस्तू घरी येत नाही. पोलिसांकडे सापडलेल्या हत्यारांचा ढीग असतो आणि मालक ठरवता येत नाही म्हणून ती तशीच पडून राहतात.

खरं काम वहीचं. प्रत्येक वस्तूचं नाव, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, आपला क्रमांक, खूण कुठे आहे, खरेदीची पावती. आणि दोन फोटो, एक पूर्ण वस्तूचा आणि एक खुणेचा जवळून, शेजारी पट्टी ठेवून. जुनी ओरखडी, पिचलेली कड, बदललेली मूठ हेही टिपून ठेवा. कित्येकदा ओळख पटते ती त्यावरूनच. वही पेटीत ठेवू नका. सांगावं लागतं म्हणून सांगतोय.

ठळक की लपवून, तर दोन्ही. एक खूण सगळ्यांना दिसेल अशी आणि एक फक्त तुम्हाला आणि वहीला माहीत. दुसरी आतल्या बाजूला: मुठीखाली, बॅटरी बसते त्या खोबणीत, पेटीच्या तळाशी. पहिली कुणी खरवडली तरी दुसरीकडे सहसा लक्ष जात नाही.

प्रश्नचिन्ह

ते अतिनील दिव्यात दिसणारं पेन कसं? आणि वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारे ब्लूटूथचे टॅग लावले तर एवढं कोरत बसायची गरजच काय?

तारेवरचा

अतिनील पेनची शाई उन्हानं आणि पुसापुशीनं फिकी पडते. हत्यारावर ती फार काळ टिकेल असं धरून चालू नका. लपवलेली दुसरी खूण म्हणून आतल्या बाजूला ठीक, अधूनमधून पुन्हा लिहावी लागते. स्मार्टवॉटरसारखी द्रवं याच्या पुढची पायरी. अतिनील प्रकाशात ती चमकतात आणि प्रत्येक बाटलीची रासायनिक ओळख मालकाच्या नावावर नोंदलेली असते. मायक्रोडॉट म्हणजे गोंदात मिसळलेले बारीक ठिपके, भिंगाखाली त्यांवर क्रमांक वाचता येतो. शेकडो ठिपके फासले जातात, चोराला सगळे शोधून काढणं जमत नाही. पण दोन्हींना एक अट आहे. सापडलेल्या वस्तूवर कुणीतरी तो दिवा मारायला हवा.

टॅगचं काम वेगळं. एअरटॅगसारखा टॅग स्वतः उपग्रहाशी बोलत नाही, आसपासून जाणाऱ्या इतरांच्या फोनवर अवलंबून असतो. निर्जन जागी तो गप्प. बंद लोखंडी पेटीत सिग्नल कमजोर होतो. आणि पाठलाग रोखण्यासाठी केलेल्या सोयीमुळे "अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय" असा इशारा चोराच्याच फोनवर जाऊ शकतो. महागड्या मशीनला जरूर लावा, सेल बदलायची आठवण ठेवा. ठिकाण दिसलं तरी स्वतः तिथे जाऊ नका, पोलिसांना सांगा. आणि तिथे पोचल्यावर "हे माझं" म्हणायला शेवटी खूण आणि वहीच लागते.

रंध्याची_धार

आले. लाकडी दांड्यावर सगळे हौसेनं नाव जाळतात, दिसतंही सुंदर. पण दांडा ही बदलायची वस्तू आहे, चोर आधी तोच बदलतो. म्हणून दांड्यावर ठळक आणि लोखंडावर बारीक, दोन्ही. हातोडीला डोक्याच्या बाजूवर. पटाशीला पात्याच्या वरच्या टोकाशी, मुठीजवळ. पाठीला मुळीच नाही, कारण पाठ सपाट नसेल तर पटाशी कामातून गेली. रंध्याला पातं काढून आतल्या बैठकीवर कोरा, पात्याच्या धारेपासून लांब. करवतीला मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या पत्र्यावर.

जाळताना लाकूड ओलं किंवा तेल पाजलेलं नसावं, रेषा फुटते. फार खोल जाळू नका. हातोडीचा दांडा बारीक होतो त्या भागावर तर नाहीच, तिथेच तो मोडतो.

आणि एक विनंती. आजोबांच्या काळातले रंधे, पितळी गुण्ये अशा वस्तूंवर थरथरणारा एनग्रेव्हर चालवू नका. त्यावर आधीच्या कारागिरांच्या खुणा असतात, त्यांचे नीट फोटो काढले तरी ओळखीला पुष्कळ होतं.

मीठपाणी

कडक पोलादावर पंच चालत नाही म्हणता, तर विजेनं खोदा. ९ ते १२ व्होल्टचा डीसी पुरवठा, हत्यार धन टोकाला, ऋण टोकाला कापसाचा बोळा, तो मिठाच्या पाण्यात भिजवलेला. हत्यारावर अक्षरं कापलेली चिकट विनाइल पट्टी. नसेल तर नेलपॉलिशचा थर देऊन वाळल्यावर सुईनं अक्षरं खरवडा. बोळा काही सेकंद टेकवायचा, उचलायचा, असं पुन्हा पुन्हा. उघडा धातू विरघळत जातो. शेवटी थोडा वेळ एसी दिला तर अक्षरं काळी होतात, डोळ्यांत भरतात.

हे हवेशीर जागी करा, मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीन सुटतो. क्रोमच्या किंवा स्टेनलेस हत्यारावर करू नका, क्रोमियमची घातक संयुगं तयार होऊ शकतात. झाल्यावर साबणानं धुऊन, पुसून, लगेच तेल. मीठ राहिलं तर सकाळी गंज हजर.

हो, कानस_बारीक म्हणतात तसं हे घासून जातं. पण पातळ पटाशी न वाकवता, न तडकवता अक्षरं येतात, हा फायदा.

उलटापाना

आता शेवटची शंका. उद्या मी एखादं हत्यार रीतसर विकलं तर? घेणाऱ्याच्या हातात माझ्या नावाची वस्तू राहणार. घासून दिलं तर तोच चोर वाटेल.

जुनी_पानं

यालाही जुना तोडगा आहे. तो बाण मारलेला सरकारी माल विकायला काढला की मूळ बाणासमोर टोकाला टोक लावून दुसरा बाण मारत. दोन बाण दिसले की समजायचं, माल रीतसर बाहेर पडलाय.

कानस_बारीक

तसंच करा. जुनी खूण वाचता येईल अशीच ठेवून तिच्यावर एक आडवी रेघ, शेजारी तुमचा ठरलेला रद्दचा शिक्का. घासू नका. तुमच्या सहा-नऊवाल्या खालच्या रेघेशी घोळ होऊ नये म्हणून ही रेघ आकड्यांच्या मधून जाऊ द्या.

हिशेबनीस

आणि दोन ओळींची पावती: वस्तू, क्रमांक, तारीख, दोघांच्या सह्या. एक प्रत त्याला, एक वहीत. जुनं हत्यार विकत घेतानाही हेच मागा. विकणारा खूण दाखवायला कुरकुरला, किंवा नेमक्या पाटीच्या जागी ताजा रंग दिसला, तर व्यवहार करू नका.

उलटापाना

ठरलं. आधी वही आणि फोटो, मग मशीन, बॅटऱ्या, चार्जर, पाने शेवटी. कानस_बारीक, व्हर्नियरवर कोरायला कार्बाइडचं हातानं ओढायचं टोक बरं की एनग्रेव्हरच मंद करून?

कानस_बारीक

हातानं ओढायचं टोक. सरकत्या जबड्यावर नाही, स्थिर दांडीच्या मागच्या बाजूला, आणि खोलीमापाची पट्टी सरकते ती खाच सोडून. कोरून झाल्यावर कड उठलीय का ते नखानं बघा. उठली असेल तर बारीक तेलदगडाचा एकच हलका हात, आणि मग जबडे बंद करून शून्य तपासा.